लाल पेटीतला पुलर

चोरांनी कुलपाला हातही लावला नाही. त्यांनी दाराची कडीच चौकटीतून उपटली. फिटरच्या वर्कशॉपला फिटरनंच बसवलेली कडी होती ती, त्यामुळे चहाच्या टपरीवर पुढे कितीतरी दिवस त्यावरच हशा चालला. तो समोर असला की माणसं हळहळायची, आणि त्याची पाठ वळली की मागे खसखस पिकायची.

गेलं ते सगळं गेलं. पाने, सॉकेट, हातोडे, छिन्न्या, बेअरिंग काढायचे दोन्ही पुलर. लग्नाच्या आधीपासून एकेक नग करून त्यानं ती हत्यारं जमवली होती. राहिली फक्त म्हाताऱ्या बापाची ऐरण, कारण ती न्यायची तर चोरांना आणखी चार चोर बोलवावे लागले असते.

घर वर्कशॉपच्या मागेच होतं, दोन खोल्यांचं. तिथं तिघंच राहायची: फिटर, त्याची बायको आणि एकेकाळी लोहारकाम करणारा त्याचा म्हातारा बाप. बायको चूल सांभाळून उरलेला सगळा वेळ वर्कशॉपमध्ये असायची. ग्रीस भरायची, नट सोडवायची, ट्रॅक्टरखाली पाठीवर सरकत जायची. गावानं तिला आधी चेष्टेनं फिटरीण म्हटलं आणि मग तेच नाव पडलं.

चोरी झाली तीही नेमकी पिकं कापणीला आली तेव्हा. वर्षभराचं पोट याच दिवसांवर चालायचं. शेतात यंत्रं उतरली की मोडायची, आणि मोडली की फिटरच्या दारात यायची. आता यंत्रं येत होती आणि फिटर हात काखेत घालून उभा राहत होता.

"उद्या या," तो म्हणायचा.

"उद्यापर्यंत काय हत्यारं उगवणार आहेत का तुझ्याकडे?" असं एकजण तोंडावर म्हणाला आणि ट्रॅक्टर वळवून चौफुल्याकडे गेला. चौफुल्यावर नवं गॅरेज निघालं होतं. फरशी घातलेलं, आत लख्ख उजेड असलेलं.

तशात तो टेम्पो आला. वर कर्णा बांधलेला आणि मागे ताडपत्रीवर हत्यारांचे ढीग. "कारखाना बंद पडला, मालक रडतोय, आपण हसून घ्या! पाने घ्या, पकडी घ्या, पेटी घ्या! पेटीवर चष्मा फुकट!" फिटरीण दारातून बघत होती. नवऱ्यानं एक पाना उचलला, बोटांवर तोलला, खाली ठेवला, परत उचलला. त्याचा चेहरा बघून तिला भडभडून आलं. खेळण्याच्या दुकानाबाहेर उभ्या राहिलेल्या पोरासारखा दिसत होता तो.

शेवटी तो लाल पेटी घेऊन आला. उघडली तर आत सगळं आरशासारखं चमकत होतं. पाने, सॉकेट, तीन पायांचा पुलर, हातोडा, आणि तो फुकटचा, काम करताना डोळे वाचवायचा प्लॅस्टिकचा चष्मा.

"चांगल्या मालाच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळालं," फिटर म्हणाला. "वर आयुष्यभराची गॅरंटी."

"कुणाच्या आयुष्याची?" म्हाताऱ्यानं बाजेवरून विचारलं.

म्हातारा उठला, चाचपत ऐरणीपाशी आला. त्यानं एक पाना घेतला आणि ऐरणीच्या कडेवर टणकन मारून कानाजवळ धरला. मग दुसरा. मग तिसरा.

"मुके आहेत," तो म्हणाला.

"बाबा, मला नट सोडवायचे आहेत. त्यांच्याशी गप्पा नाही मारायच्या."

म्हाताऱ्यानं पाना खाली ठेवला. त्याला वाईट वाटलं हे फिटरिणीला दिसलं. पण तिला नवऱ्याचंच पटत होतं. नाहीतरी सासऱ्याला कशात ना कशात खोट काढायची सवयच होती.

पेटी अगदीच टाकाऊ होती असं म्हणता यायचं नाही. हातोडा हातोड्यासारखा चालला. स्क्रूड्रायव्हर चालले. पत्र्याचे स्क्रू, सायकलचे नट, पाण्याच्या पंपाचं झाकण असल्या कामाला पाने चांगले उपयोगी पडले. पहिले एक-दोन दिवस फिटर शीळ घालत होता. पण शेतातली यंत्रं म्हणजे सायकली नव्हेत. त्यांचे नट गंजून, चिखल खाऊन बसलेले असतात. तिथं जोर लागला की पान्याचं तोंड फाकायचं. मग पाना घसरायचा, नटाचे कोपरे गोल व्हायचे, आणि फिटरच्या बोटांची सालटी निघायची.

दूधवाल्याच्या गाडीचा मागचा नट असाच गोल झाला. दूधवाला कॅन रस्त्यावर ठेवून घड्याळ बघत होता.

"नवीन आहेत वाटतं हत्यारं?" तो म्हणाला.

फिटरनं मान वर केली नाही. अंगठ्याचं रक्त विजारीला पुसून तो बायकोला हळूच म्हणाला, "चौफुल्यावर जाऊन एक पाना मागून आण."

"मी?"

"मग मी जाऊ?"

ती गेली. नाक मुठीत धरून गेली. गॅरेजवाला एका गाडीत डोकं घालून बसला होता. तिला बघून म्हणाला, "या वहिनी, या," आणि परत डोकं आत घातलं. बसायला दिलं नाही, नाही पण म्हटलं नाही. त्याची माणसं तिच्याकडे बघत होती. तिच्या हाताचं ग्रीस, साडीचा खोचलेला पदर, पायातल्या नवऱ्याच्या जुन्या चपला. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला आणि त्यानं भिंतीवरून एक पाना काढून दिला. त्याच्या सगळ्या पान्यांवर पिवळा पट्टा मारलेला होता.

"न्या की. आपलंच आहे. फक्त गिऱ्हाइकाला सांगा हं, पाना कुणाचा ते."

तिनं पाना पदराखाली धरून आणला, पण दूधवाल्याच्या नजरेतून पट्टा सुटला नाही. नट पहिल्याच झटक्यात निघाला. दूधवाला जाताना मोठ्यानं म्हणाला, "चांगल्या हत्याराची बातच और." त्या दिवशी फिटर जेवायला बसला आणि नुसता ताटाकडे बघत राहिला.

आभाळ भरायला लागलं होतं. कापलेलं पीक जागोजाग शेतात पडलेलं आणि वर काळे ढग. माणसं चालताना वर बघत चालायची. अशा वेळी मळणीवाल्याचं यंत्र बंद पडलं. पंचक्रोशीत मळणीची यंत्रं होती ती एकट्या त्याची, आणि त्यातलं सगळ्यात मोठं फिटरच्या दारात ओढून आणलं गेलं. मोठ्या दांड्यावरचं बेअरिंग जळून दांड्यालाच धरून बसलं होतं.

मळणीवाला तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याचेही धाबे दणाणले होते.

"हे बघ," तो फिटरला म्हणाला, "तुझा बाप माझ्या बापाच्या नांगराचे फाळ करायचा, म्हणून आधी इथं आलो. आज संध्याकाळच्या आत यंत्र शेतात उभं राहिलं, तर वर्षभर माझी सगळी यंत्रं तुझ्या दारात. नाही जमलं तर आत्ता सांग. चौफुल्यावर नेतो, आणि मग कायमचंच तिकडं."

"जमेल," फिटर म्हणाला.

हे काम गेलं तर वर्कशॉपचं दार उघडायलाच नको, हे तिघांनाही माहीत होतं. दार बंद म्हणजे मग दोघांनी कुणाच्या तरी शेतात मजुरीला जायचं आणि म्हाताऱ्यानं घरात एकट्यानं बसायचं.

फिटरनं लाल पेटीतला पुलर लावला. तीन पाय बेअरिंगच्या मागे अडकवले, मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवला आणि पिळायला लागला. स्क्रू फिरला, पाय ताणले, आणि लोणी वाकावं तसे हळूहळू बाहेर फाकले. बेअरिंग जागचं हललं नाही. त्यानं ठोकून पाय सरळ केले, परत लावले. परत फाकले.

मळणीवाला घसा खाकरून रस्त्याकडे बघायला लागला.

"इकडं आण," म्हातारा म्हणाला. तो कधी येऊन मागे उभा राहिला होता कुणाला कळलं नव्हतं. "सहाणेवर धर जरा. ठिणगी बघू."

फिटरिणीनं पुलरचा एक पाय फिरत्या दगडावर धरला. ठिणग्या उडाल्या.

"टोकाला फुटतात का? फुलासारख्या?"

"फुटतात, मामंजी."

"मग पोलाद आहे. वरवरचं का होईना, पण आहे. करणाऱ्यानं तापवून पाणी नीट दिलं नाही, म्हणून मऊ राहिलंय. मी देतो पाणी, तेलात."

फिटरनं बापाकडे बघितलं. एरवी तो हसला असता. पण आता त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

"द्या," तो म्हणाला.

बंद पडलेली भट्टी पेटली. कितीतरी वर्षांनी म्हाताऱ्याच्या अंगात वारं भरलं. तो कंबर सरळ करून उभा राहिला, सुनेला भाता कसा मारायचा ते सांगू लागला, जळक्या ऑइलचा डबा कुठं ठेवायचा ते सांगू लागला. सगळं आठवत होतं त्याला. फक्त एक गोष्ट तो कुणाला सांगत नव्हता, आणि ती फिटरिणीला बरेच दिवस माहीत होती. म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. माणसं त्याला आवाजावरून ओळखू यायची आणि ताट वासावरून.

"रंग सांगत जा मला," तो तिला हळूच म्हणाला. मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून तो तिच्याकडे वाकला होता. "पिकलेल्या जांभळासारखा झाला की नाही म्हण. त्याच्या पुढचा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला की हो म्हण."

तिनं हो म्हटलं तेव्हा त्यानं चिमट्यानं पाय उचलून ऑइलमध्ये बुडवला. धूर उठला, वास पसरला. एकामागून एक तिन्ही पाय झाले. म्हाताऱ्यानं एकावर कानस ओढून बघितली. ती नुसती घसरली.

"झालं?" फिटरनं हात पुढे केला.

"थांब. आता हे काचेसारखं ठिसूळ आहे. याची आग उतरवायची. त्याशिवाय हात लावायचा नाही."

पाय दगडानं घासून चकचकीत केले आणि तापलेल्या लोखंडाच्या ठोकळ्यावर ठेवले. आता हळूहळू रंग चढणार होते. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि शेवटी निळा. निळा आला की उचलायचं. आधी नाही.

"डोळा हलवू नकोस पोरी," म्हातारा पुटपुटला. "सगळं आता तुझ्यावर."

वारा सुटला. दारातला पत्रा धडधडायला लागला आणि कुठेतरी लांब गडगडलं. मळणीवाल्याचा माणूस मोटारसायकलवरून आला. पलीकडच्या शेतातली माणसं पीक झाकायला ताडपत्र्या शोधत फिरताहेत म्हणाला. मळणीवाला उठून उभा राहिला.

"किती वेळ रे अजून? का नेऊ मी?"

"झालंच," फिटर म्हणाला. तो दारातच मळणीवाल्याला अडवून उभा होता. "बाबा, झालं का?"

ती ठोकळ्यावर वाकली होती. पाय पिवळे झाले होते. कडेला किंचित तपकिरी झाक आली होती, तीही तिला आली असं वाटत होतं.

"निळा आला का?" म्हाताऱ्यानं तिच्या कानाशी विचारलं.

"येतोय."

"बाबा, तो निघाला!" फिटर ओरडला. मळणीवाला खरंच ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला हाक मारत होता.

तिच्या मनात एवढंच आलं की आठ दिवस सगळं मऊ निघालं. पाने मऊ, पुलर मऊ, मऊपणानंच आपली अब्रू गेली. मग जरा जास्त कडक राहिलं तर बिघडलं कुठं? उलट बरंच की. रंग काय, आज ना उद्या निळाच होणार होता.

"निळा आला का, पोरी?" म्हातारा परत कुजबुजला.

"आला," ती हळूच म्हणाली.

म्हाताऱ्यानं लगेच पाय उचलले.

फिटरनं पुलर जोडला, लावला, पिळायला लागला. आता पाय फाकले नाहीत. सगळे बघत राहिले. स्क्रू कण्हत फिरत होता, फिटरच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या, आणि बेअरिंग केसभर हललं. मळणीवाला परत फिरून जवळ आला. "हललं," तो म्हणाला. "हललं रे!" फुकटचा चष्मा खिळ्याला टांगलेला होता. त्याच्या काचांवर इतके चरे पडले होते की त्यातून काही दिसायचं नाही, म्हणून फिटर तो घालत नव्हता. त्यानं पान्यावर नळी चढवून अंगाचा सगळा भार टाकला.

बंदुकीसारखा आवाज झाला आणि पुलरचा एक पाय फुटला. बेअरिंग सुटून दांड्यावरून खाली पडलं. फिटरही खाली बसला, दोन्ही हात तोंडावर धरून.

"सुटलं!" मळणीवाला ओरडला, आणि मग त्याला फिटरच्या बोटांमधून येणारं रक्त दिसलं.

मळणीवाल्यानंच आपल्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. फिटरीण बरोबर गेली. तिच्या मांडीवर त्याचं डोकं होतं आणि तो सारखं विचारत होता, "निघालं ना बेअरिंग? पूर्ण निघालं?" ती म्हणत होती, "निघालं. निघालं." डॉक्टरांनी डोळ्यातून तांदळाच्या दाण्याएवढा पोलादाचा तुकडा काढला आणि तिला बाजूला बोलावून सांगितलं की या डोळ्यानं दिसेल असं धरून चालू नका. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू आलं नाही. तिला तो पिवळा रंग दिसत राहिला.

यंत्राला नवं बेअरिंग चौफुल्यावरच्या गॅरेजवाल्यानं येऊन बसवलं आणि पैसे घेतले नाहीत. पीक मळून निघालं. ढग मात्र नुसतेच गडगडून कोरडे पुढे गेले. त्या आठवड्यात थेंबही पडला नाही.

फिटर डोळ्यावर पट्टी बांधून घरी आला तेव्हा म्हातारा ओसरीवर बसला होता. मुलाची पावलं ऐकून तो उठला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "आग उतरायच्या आत काढलं मी. रंग कळला नाही मला."

"कळला नाही म्हणजे?"

"दिसत नाही मला. वर्ष झालं."

फिटरचा आवाज चढला. "दिसत नाही, आणि भट्टीपाशी उभे राहिलात? आणि ही होती ना शेजारी? हिला विचारायचं!"

"नाही विचारलं," म्हातारा म्हणाला. "वाटलं, कळेल मला."

फिटरीण दारात उभी होती. तिनं मिठाची गुळणी धरली. सासऱ्यानं तिच्याकडे तोंडही वळवलं नाही.

त्यानंतर फिटर बापाशी बोलेना. म्हाताऱ्यानं आपली बाज उचलून मागच्या सरपणाच्या छपरात नेली. ती ताट घेऊन गेली की तो म्हणायचा, "ठेव," आणि संध्याकाळी ताट तसंच असायचं. घरातला वडीलधारा बाप सरपणात झोपत होता आणि त्याला तिथं घालवणारी बाई त्याला वाढत होती. तिला घास गिळवेना.

"मामंजी, मी सांगते त्यांना," ती एकदा म्हणाली.

"खुळी आहेस का? मी आज आहे, उद्या नाही. तुला त्याच्याजवळ जन्म काढायचाय. त्याला हाताशी माणूस लागणार आता. विश्वासाचं. गप बस."

ती आणखी थोडे दिवस गप्प बसली. मग एका दुपारी म्हातारा छपरातून उठताना तोल जाऊन लाकडांवर पडला. कपाळ फुटलं तरी त्यानं कुणाला हाक मारली नाही. तिनं त्याला उठवून बसवलं, जखम धुतली, आणि तशीच ओल्या हातानं वर्कशॉपमध्ये गेली.

"त्यांनी विचारलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "दोनदा विचारलं. मी निळा आला म्हणाले. पिवळा होता. मला दिसत होता पिवळा."

फिटर स्टुलावर बसला होता. त्यानं उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, शिव्या देईल म्हणून, हातातलं काही फेकून मारेल म्हणून. तो उठला, छपरात गेला, आणि बापाची बाज उचलून घरात आणून ठेवली. बापाला हाताला धरून आत आणलं. तिच्याशी तो बोलला नाही.

मळणीवाला शब्दाला जागला. त्याची सगळी यंत्रं फिटरच्या दारात आली. नवी हत्यारं घेण्यापुरती उचलही त्यानं दिली, आणि या वेळी फिटरनं शहरातल्या दुकानातून थोडीच पण चांगली आणली.

पहिल्या दिवशी तो यंत्राखाली शिरला. ती शेजारी दिवा धरून बसली. त्यानं पाना नटाकडे नेला. पाना नटाच्या अलीकडेच पत्र्यावर आपटला. त्यानं परत नेला. आता पलीकडे गेला. एका डोळ्यानं त्याला लांबी कळत नव्हती. नट समोर दिसत होता, पण किती समोर ते कळत नव्हतं. पत्र्यावर टक टक आवाज होत राहिला. बाहेर मळणीवाल्याचा ड्रायव्हर विडी ओढत उभा होता.

फिटरच्या कपाळावर घाम आला. त्यानं पाना छातीवर ठेवला आणि डोळा मिटला.

"कुठं आहे, सांग," तो म्हणाला. त्या दुपारनंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता.

तिनं दिवा जवळ नेला. "जरा पुढं. अजून. आता डावीकडं बोटभर. हं. बसला."

पाना नटावर बसला होता. फिटर तसाच पडून राहिला. त्यानं जोर लावला नाही.

"खरं सांगतेस?"

"खरं," ती म्हणाली. "नीट बसलाय."

त्यानं दुसरा हात वर नेला, आणि पाना नटावर खरंच बसलाय का, ते बोटानं चाचपून बघितलं. मग पिळला. पुढच्या नटालाही त्यानं तसंच केलं, त्याच्या पुढच्यालाही. ती सांगत गेली, आणि तो दर वेळी चाचपून बघत गेला.